सोनोग्राफीत बाळ दिसलं, पण मला काहीच कसं नाही वाटलं?

प्रश्न : ताई, मला विसावा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळ. मागच्या शनिवारी धंतोलीत अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळात काही दोष नाही ना ते पाहणारी सोनोग्राफी) झाला. दीड तास नंबरची वाट पाहून पाठ मोडली, मग डॉक्टरांनी दोन मिनिटं स्क्रीन आमच्याकडे वळवली, हे हृदय, हा पाठीचा कणा. नवरा तिथंच रडायला लागला अन् घरी येईपर्यंत दहा जणांना फोन करून झाले. मला मात्र पांढरं-काळं काहीतरी हलताना दिसलं, बस. सासूबाई म्हणतात, ‘तुझ्या तोंडावर आनंदच नाही दिसून राहिला.’ मी आई म्हणून कमी पडून राहिली का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : अगं, नवऱ्याचं रडणं लिहिलंस, सासूबाईंचं बोलणं लिहिलंस, पण रिपोर्ट काय आला ते एका शब्दानं नाही! मला वाटतं तू आत गेलीस ती बाळाला भेटायला नाही, निकाल ऐकायला. आणि ते बरोबरच आहे, कारण या स्कॅनमध्ये मेंदू, हृदयाचे कप्पे, कणा, किडन्या असं सगळं तपासतात, आणि पोटावर जेल लावून श्वास रोखून पडलेल्या बाईला माया यायला फुरसत कुठे असते? नवऱ्याचं वेगळं आहे, त्याला ना मळमळ ना कंबरदुखी, त्याच्यासाठी बाळ खरं झालं ते त्या स्क्रीनवरच.

स्कॅन पाहिला की माया लागते ही कल्पना गाजली ती 1983 मध्ये, फ्लेचर आणि इव्हान्स या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं तेव्हा. त्यांच्या लेखात बायका किती होत्या माहीत आहे? दोन. त्याच्या आदल्या वर्षी लंडनला स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी जरा नीट पाहिलं होतं, काही जणींना स्क्रीन दाखवून समजावून सांगितलं, काहींना नाही, आणि ज्यांना सांगितलं त्यांना स्कॅनबद्दल जास्त बरं वाटलं. म्हणजे नुसतं चित्र नाही, कोणीतरी बोट ठेवून सांगणं पण लागतं. पुढच्या वेळी सरळ विचार, डॉक्टर, हे काय हलतंय? आपल्याकडे गर्दीत कोणी आपणहून सांगत नाही.

पहिलटकरणीला बाळ फिरलेलं साधारण अठरा ते वीस आठवड्यांत कळायला लागतं, वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असेल तर अजून उशिरा. पुष्कळ जणींची खरी ओळख तिथून होते, आणि काहींची तर बाळ हातात आल्यावरही काही दिवसांनी (माझी तशीच झाली, कोणाला सांगितलं नव्हतं). फक्त झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर ते डॉक्टरांना सांग, सासूबाईंना नाही सांगितलं तरी चालेल.

प्रश्न : बायकोला सातवा महिना आहे. मी बुटीबोरीला कंपनीत, शिफ्टमुळे एकदाच सोनोग्राफीला जाता आलं अन् तेव्हाही मला बाहेरच बसवलं. आठवण म्हणून थ्रीडी व्हिडिओ काढून घेऊ का?
– एक होणारा बाबा

उत्तर : नाही हो दादा. आपल्याकडे गरोदरपणातली सोनोग्राफी वैद्यकीय कारणासाठीच करता येते, त्यासाठी प्रत्येक वेळी एफ फॉर्म भरावा लागतो. गर्भलिंगनिदान रोखणारा केंद्राचा कायदा 1994 चा, महाराष्ट्राने तर 1988 मध्येच केला होता, आणि मुली पोटातच मारल्या जात होत्या म्हणून करावा लागला, त्यामुळे त्यावर कुरकुर नको. पण कायद्याने मनाई आहे ती मुलगा की मुलगी हे सांगायला, नवऱ्याने आत बसायला नाही. पुढचा स्कॅन असेल तेव्हा आधीच फोन करून विचारा, ठोके ऐकायला आत येऊ का, काही डॉक्टर येऊ देतात.

तोवर सेकंड शिफ्टवरून आलात की ती डाव्या कुशीवर पडलेली असताना पोटावर हात ठेवा आणि बोला काहीतरी, कंपनीतल्या साहेबाच्या चहाड्या सांगा हवं तर. सातव्या महिन्यात बाळाला ऐकू येतं. लाथ लगेच नाही लागणार, दहा-पंधरा मिनिटं हात तसाच ठेवावा लागतो, मोबाईल बाजूला ठेवून.