नांगरलेलं शेत नकाशात इमारत का होतं?

प्रश्न : पुण्याच्या पूर्वेकडील वाघोली-मांजरी पट्ट्याचा नकाशा एप्रिलमधल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेवरून केला. एनडीबीआय (बांधकाम ओळखायचा निर्देशांक) शून्याच्या वर असलेला भाग बांधकाम धरला, तर बरीच शेतंही त्यात गेली. काय चुकतंय?

उत्तर : महिना. एनडीबीआय म्हणजे (बँड ११ − बँड ८) ÷ (बँड ११ + बँड ८); बँड म्हणजे उपग्रह वेगळा मोजतो तो तरंगपट्टा, आणि बँड ८ निकट अवरक्ताचा. कोरडी उघडी माती बँड ११मध्ये, म्हणजे लघुतरंग अवरक्तात, छपरासारखीच उजळ दिसते. उन्हाळ्यात एकट्या या निर्देशांकावर विसंबू नका. वर्षभराच्या प्रतिमांमधून प्रत्येक पिक्सेलचा कमाल एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, काढा. ढगांमुळे हे मूल्य घटतंच, त्यामुळे कमाल घेताना ढगाळ दिवस बहुतेक आपोआप गळतात. शेत वर्षातून एकदा तरी हिरवं होतं, स्लॅब होत नाही. सुरुवातीला ०.४ ही मर्यादा धरा, कमाल त्यावर गेलेले पिक्सेल बांधकामातून वगळा, मग गूगल अर्थवर ताडून वरखाली करा.

दगडखाणी आणि सपाट केलेले प्लॉट तरीही बांधकामात घुसतील. तिथे सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा व्हीव्ही, म्हणजे उभ्या ध्रुवणात पाठवून त्याच ध्रुवणात टिपलेला परतावा, जोडा. भिंतींवरून लहरी जोरात परततात, सपाट जमिनीवरून कमी. बँड ११ वीस मीटरचा आहे, त्यामुळे गावठाणातल्या बोळांची अपेक्षा ठेवू नका.

जुन्या वर्षांशी तुलना करणार असाल तर एक खोच आहे. सेंटिनेल-२च्या २५ जानेवारी २०२२पासूनच्या नव्या प्रक्रियेत पिक्सेलमूल्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता निर्देशांक काढले, तर शहर न वाढताही नकाशा बदलेल.

छपराखाली घर आहे की गोदाम, हे मात्र प्रतिमा सांगत नाही; त्यासाठी विकास आराखडा आणि प्रत्यक्ष फेरीच.