पहिल्या लग्नातून ग्रीनकार्ड, मग अमेरिकेचं नागरिकत्व, मग घटस्फोट. आता नाशिकच्या नव्या नवऱ्याला स्पॉन्सर करायला ५ वर्षं थांबावं लागेल का?

नाही, थांबावं लागणार नाही. तुम्ही ऐकलेला ५ वर्षांचा नियम खरा आहे, पण तो ग्रीनकार्डवाल्यांसाठी. लग्नातून ग्रीनकार्ड मिळालं, घटस्फोट झाला आणि नागरिक न होताच दुसऱ्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर ग्रीनकार्ड मिळून ५ वर्षं झालेली असावी लागतात. नाहीतर आधीचा संसार खरा होता हे भक्कम पुराव्यानिशी दाखवावं लागतं. तुम्ही नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, तेव्हा आय-१३० (जोडीदाराला स्पॉन्सर करण्याचा अर्ज) लग्नानंतर लगेच भरा. नागरिकाच्या नवरा-बायकोला वार्षिक कोट्याची रांगही नसते.

मी स्वतः याच वाटेने गेले आहे. पहिल्या नवऱ्यामुळे इथे आले, नागरिक झाले, न्यू जर्सीत घटस्फोट घेतला आणि नंतर कोल्हापुरात लग्न केलं. म्हणून सांगते, तुमचं सगळं लक्ष घटस्फोटाच्या निकालावर असू द्या.

आमच्या कन्सल्टंटने निकालपत्राचं फक्त शेवटचं पान जोडलं होतं. पूर्ण निकाल पाठवा म्हणून पत्र आलं आणि काही महिने हातचे गेले. पूर्ण प्रत, कोर्टाच्या शिक्क्यासह, पहिल्याच दिवशी जोडा. निकाल अंतिम झाल्याची तारीख नव्या लग्नाच्या आधीची हवी. काही राज्यांत त्यानंतरही थांबावं लागतं: टेक्ससमध्ये साधारणपणे ३० दिवस, विस्कॉन्सिनमध्ये ६ महिने.

आता खरी अडचण. पहिलं लग्न भारतात हिंदू विवाह कायद्याखाली झालं होतं का? आणि घटस्फोट अमेरिकेत? १९९१ साली वाय. नरसिंह राव (पंतप्रधान नव्हेत) यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशी कोर्टाने दिलेला घटस्फोट भारतात सहसा धरला जात नाही. मात्र दुसरी बाजू स्वतःहून कोर्टापुढे आली आणि तिने संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. 'पटत नाही' एवढ्यावर इथे घटस्फोट मिळतो, तिथे ते कारण कायद्यात नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे बघतं. म्हणजे एकतर्फी निकालावर नाशिकमध्ये लग्न केलंत तर तेच डळमळीत होऊ शकतं. माझ्या निकालात दोघांची संमती होती, म्हणून निभावलं. तुमच्यात ती नसेल तर तारीख ठरवण्याआधी भारतातल्या कौटुंबिक वकिलाला भेटा.

नव्या अर्जाबरोबर तुमची जुनी फाइलही उघडते, हे धरून चाला. नागरिकाशी लग्न झालेल्यांना मिळणाऱ्या ३ वर्षांच्या सवलतीत नागरिकत्व घेतलं असेल, तर त्या अर्जापर्यंतची ३ वर्षं तुम्ही आणि पहिला नवरा खरोखर एकत्र राहत होता ना? तेव्हाच वेगळे झाला असाल तर काहीही भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला सगळं खरंखरं सांगा. लपवलेलं अंगाशी आलं तर नागरिकत्वावरच बेतू शकतं, आणि नवऱ्याचा काही दोष नसताना तो त्यात भरडला जाईल.

बाकीचं सरळ आहे. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र घ्या, पत्रिका आणि फोटो त्याची जागा घेत नाहीत. आय-८६४ साठी (नवऱ्याच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) तुमचं उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं. कमी पडलं तर सोबत दुसरा हमीदार चालतो. नवरा इथे उतरेल तेव्हा लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्ड २ वर्षांचंच मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (ग्रीनकार्डवरची २ वर्षांची अट काढण्याचा अर्ज) भरायचा.

मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत झालेल्या व्हिसा मुलाखतीत माझ्या नवऱ्याला माझ्या पहिल्या लग्नाबद्दल विचारलं होतं: किती वर्षांचं होतं, का मोडलं, निकाल कधी लागला. आम्ही एकमेकांना सगळं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तो शांतपणे बोलला. तुमच्या निकालपत्रात पहिल्या नवऱ्याची संमती नोंदलेली आहे का, तेवढं मात्र आजच काढून बघा.