राम-सीता आणि '१८१८ वन आना' असलेलं नाणं खरं आहे का?

तुमच्याकडे आहे ते चलनी नाणं नव्हे, टोकन आहे, म्हणजे नाण्यासारखी दिसणारी नुसती चकती. ईस्ट इंडिया कंपनीने 'वन आना' लिहिलेलं नाणं कधी पाडलंच नाही. तांब्यात पाव आणा, अर्धा आणा आणि त्याहून लहान नाणी, एवढंच. एक आण्याचं नाणं आलं ते १९०७ साली, किनारी नागमोडी. शिवाय कंपनी सरकारचं साऱ्या मुलखासाठी सारखं नाणं सुरू झालं १८३५ला. मग १८१८ कुठून आलं? कंपनीने राम, सीता, हनुमान नाण्यांवर छापले नाहीत. असली टोकनं देवस्थानांबाहेर, जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. काहींवर तर १६१६, १७१७सुद्धा असतं! देवघरात खुशाल ठेवा. फक्त 'हे नाणं चमत्काराने तांदूळ खेचतं, लाखोंना घेतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एक पैसाही आगाऊ देऊ नका.