फोनवर "सरपंच बोलतोय" कोण म्हणतं?

"ताई, मी फक्त सहीपुरती. बोलले तर घरात वाद, गप्प बसले तर रात्री झोप नाही." ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याच जणी येतात. कुणाच्या नावावर दुकान असतं, कुणी बचत गटाची अध्यक्ष. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

सरपंचताई आल्या त्या छातीतल्या धडधडीसाठी. ईसीजी निघाला होता, त्यात काही नव्हतं. नवरा बाहेर बाकावर, त्यांचा मोबाईल त्याच्याकडे. तेवढ्यात तो वाजला आणि दारातून ऐकू आलं, "हां, सरपंच बोलतोय." बाईंनी मान खाली घातली. पुढचं मला विचारावं लागलं नाही.

महाराष्ट्रात २०११ साली पंचायतींमधल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. यांच्या गावचं पद राखीव निघालं म्हणून नवऱ्यानेच फॉर्म भरला. वित्त आयोगाचा पैसा काढायला लागणारी डीएससी, म्हणजे सरपंचाची डिजिटल सही, पेनड्राइव्हसारखी दिसते ती, त्याच्या शर्टाच्या खिशात. तिचा पिन ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरला पाठ.

इथे मी चुकले. "ठामपणे मागून घ्या," म्हणून मोकळी झाले. त्यांनी मागितली. घरात चार दिवस अबोला. पुढच्या वेळी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तसं केलं, आता धडधड दुप्पट." खरंच होतं. हक्क मागा म्हणणं सोपं, मला काय, मी संध्याकाळी माझ्या घरी जाणार.

मग मी म्हटलं, डीएससी राहू द्या, सहीला येईल तो एक कागद तेवढा घेऊन या. त्या एका बिलाची झेरॉक्स घेऊन आल्या. सातवी शिकलेल्या, बोट ठेवून वाचू लागल्या. "टीसीएल पावडर, चार पोती." पिण्याचं पाणी शुद्ध करायची ती पावडर. बोट थांबलं. "चार? टाकीवर दोनच उतरली. पाणी सोडणारा आमच्याच गल्लीतला आहे." नवऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि ती कामाची आहे हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी ग्रामसेवकाला एवढंच सांगितलं, "भाऊसाहेब, आधी पोती दाखवा, मग सही." उरलेली दोन पोती आठवड्याभरात आली.

तिसऱ्या भेटीत नवऱ्यालाही आत बसवलं. ऑडिटमध्ये वसुली निघाली तर नोटीस कुणाच्या नावाने येईल, एवढंच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. डीएससी आता बाईंच्या पर्समध्ये आहे. त्याला राग आलाय की हायसं वाटलंय, हे त्यांनाही अजून कळलेलं नाही.

सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. धडधड गेली होती, आवाज चढला होता. "महिला सभेत बायका तोंडच उघडत नाहीत. मग त्यांचं म्हणणं मीच मांडते."

मी विचारलं, "म्हणजे आता 'सरपंच बोलतोय' कोण म्हणतंय?"

आधी चेहरा पडला, मग पदरात तोंड घालून हसल्या.

ग्रामसभेच्या आधी पुन्हा महिला सभा झाली. त्या खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या आणि कधीच न बोलणाऱ्या एका सदस्यबाईंच्या हातात कामांची यादी दिली. ती 'अंदाजपत्रक' या शब्दावर अडली. "दोनदा शब्द ओठावर आला होता ताई," त्या मला सांगत होत्या, "पदर दातात धरून बसले."