दहा वर्षं समुपदेशन केल्यावर आता पुढे काय शिकावं?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं समुपदेशन करताय, दरवर्षी दोन-तीन कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रांनी फाइल भरलीय, तरी साचल्यासारखं वाटतं. मग आता कोणता कोर्स करू? माझं मत विचाराल तर तूर्तास कुठलाच नको. आधी स्वतःचं एक सत्र ऐका.

मी याच कामात आहे आणि इतर समुपदेशकांना सुपरव्हिजनही देते, म्हणजे त्यांच्या कामावर त्यांच्याशी बोलून मार्गदर्शन करते. आपल्या क्षेत्रात नुसत्या वर्षांनी हात तयार होत नाही. 2016 साली 170 थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून जास्त क्लायंटची माहिती तपासलेला एक अभ्यास आला. अनुभव वाढत गेला तसे परिणाम सरासरीने किंचित घसरलेच होते. घसरण अगदी बारीक होती, काही जण सुधारलेही होते; पण वर्षांच्या हिशोबावर विसंबू नये एवढं त्यातून नक्की कळतं. सुताराची चौकट वाकडी झाली तर दारच लागत नाही, त्याला तिथल्या तिथे समजतं. आपला क्लायंट नाराज झाला तर भांडत नाही, पुढच्या वेळी येतच नाही. आणि आपण नोंद करतो, 'बरं वाटलं असावं.'

म्हणून रेकॉर्डिंग. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1942 मध्येच रेकॉर्ड केलेली एक अख्खी केस शब्दशः छापली होती, म्हणजे कल्पना काही नवी नाही. आपण ती टाळतो, कारण स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं वाटतं.

दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि हाताने लिहून काढा. पुढचा संवाद मी रचलाय, पण असा प्रसंग सुपरव्हिजनमध्ये हमखास येतो. क्लायंट म्हणते, "घरी तसं सगळं ठीकच आहे... म्हणजे, आता सवय झालीय." समुपदेशक लगेच म्हणतो, "बरं. आणि झोप कशी आहे?" सत्राच्या नोंदीत लिहिलेलं असतं, 'कौटुंबिक वातावरण ठीक.' 'सवय झालीय' कुठेच नाही! कशाची सवय, हे विचारायचं राहिलं, हे त्या समुपदेशकाला लिहून काढेपर्यंत जाणवतही नाही. एका दमात विचारलेले दोन प्रश्न, 'समजतंय मला, पण...' मधला तो 'पण', हेही असंच कागदावर सापडतं. त्यातली एकच खोड निवडा, आणि सुपरव्हायझरला क्लायंटच्या जागी बसवून तेच वाक्य पुन्हा पुन्हा वेगळ्या तऱ्हेने बोलून बघा. कंटाळवाणं आहे, मान्य.

नुसत्या कार्यशाळेबद्दल मी साशंक का, तेही सांगते. 2004 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या 140 जणांना प्रेरक मुलाखतीचं (बदलाची कारणं क्लायंटच्याच तोंडून येतील असं बोलण्याचं) तंत्र शिकवलं. कार्यशाळेनंतर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य आणखी वाढलं. गंमत म्हणजे, 'मला हे किती जमतं' याबद्दल लोकांनी स्वतः जे सांगितलं, त्याचा प्रत्यक्ष कामाशी मेळच बसला नाही.

रेकॉर्डिंगला क्लायंटची लेखी संमती हवी. ते कोण ऐकणार आणि कधी पुसणार, हेही आधीच सांगा. कुणी नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा, आग्रह नको.

यानंतरही कोर्स करावासा वाटला तर जरूर करा. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा, कोर्स संपल्यावर माझी सत्रं ऐकून कुणी अभिप्राय देणार आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर तेच पैसे सुपरव्हिजनवर खर्च करा.