नानकटाईचा डबा

मुक्ता पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता. घरी केलेली नानकटाई. वर पिस्त्याचे काप, सगळ्या एकाच मापाच्या, बेकरीवाल्याने मान खाली घालावी अशा. “मॅडम, खा ना, सकाळीच केल्यात.” मी दोन खाल्ल्या, तोंडभरून कौतुक केलं आणि विचारलं, “आणि तू?” “मी घरी खाल्ली.” शेजारी बसलेल्या तिच्या आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

(नाव, गाव, घरचे तपशील बदलले आहेत. दोघींना विचारूनच लिहिते आहे.)

एप्रिल महिना, सांगलीचं ऊन, आणि पोरगी अंगात स्वेटर घालून बसलेली. वय पंधरा, नववीची परीक्षा नुकतीच संपलेली, वर्गात पहिल्या तिनांत. घरी द्राक्षबाग, वडील बागेत, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, शिवाय आजी आणि धाकटा भाऊ.

सुरुवात नवरात्रात झाली होती. नऊ दिवसांचे उपवास केले, घरदार खूश. मग सोमवार आला, चतुर्थी आली. मग भात जड पडायला लागला, पोळीला तूप नको झालं, रात्रीचं जेवण “पोट फुगतं” म्हणून सुटलं. दिवाळीला आलेली आत्या म्हणाली, “अगं, काय छान बारीक झालीस!” संक्रांतीपर्यंत कपडे अंगावर लोंबायला लागले आणि पाळी थांबली. पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीची तपासणी झाली, थायरॉइड झालं, सगळं नॉर्मल. आजीने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. वडिलांचं मत ठाम होतं: “नाटकं आहेत. दोन दिवस कुणी विचारू नका, भूक लागली की मुकाट्याने ताटावर बसेल.”

आणि इतकं असून मुलगी सतत स्वयंपाकघरात. भावाला पावभाजी करून दे, आजीला पुरणपोळी, मोबाइलवर रात्री बारापर्यंत केकचे व्हिडिओ. “मॅडम, जिला जेवणच नकोय ती दिवसभर जेवणाचाच विचार कशी करेल?” आईने विचारलं. मुक्ता बाहेर गेल्यावर मात्र खरा प्रश्न आला. “सातवीत असताना मी तिला एकदा ‘जाडू’ म्हणाले होते. हसत म्हणाले होते, पण म्हणाले. माझ्यामुळेच झालं ना हे?”

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की शब्द तेवढे बदलतात. एक आई म्हणते, मी नोकरी करायला नको होती. दुसरी म्हणते, मी नोकरी सोडून तिच्या मागे लागायला नको होतं. त्याचं उत्तर द्यायचंच आहे, पण त्याआधी माझी चूक सांगते.

पहिल्या दोन भेटी मी मुक्ताशी नुसती बोलत राहिले. अभ्यास, मैत्रिणी, आत्याचं बोलणं. ती छान बोलायची, नेमके शब्द वापरायची, मीही मनातून खूश. मग ज्या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर मी काम करते त्यांना केस सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “नाडी किती आहे?” मी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी फिजिशियनने मोजली: ४६. जागेपणी, दिवसाढवळ्या. किशोरवयीन मुलाचे ठोके दिवसा ५० च्या खाली गेले की भरती करण्याचा विचार करतात. मुक्ता त्याच संध्याकाळी दाखल झाली. उपाशी शरीर खर्च कमी करत जातं. ठोके मंदावतात, अंग गार पडतं, पाळी थांबते, आणि ज्या वयात हाडं भरायची त्या वयात ती विरळ व्हायला लागतात. तो स्वेटर मला दिसला होता, मी त्याचा अर्थ लावला नव्हता. तेव्हापासून माझ्या टेबलावर नाडी मोजायचं यंत्र असतं आणि गप्पा त्यानंतर.

वॉर्डात वडील, म्हणजे घरातले दादा, म्हणाले, “आता खातेय ना, मग भरपूर द्या की!” डॉक्टरांनी समजावलं की बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदय दगा देऊ शकतं. म्हणून रोज रक्त तपासत हळूहळू वाढवायचं. दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पाण्याचा ताण बसलेल्या वेलीला एकदम खत टाकलं तर जळते. तसंच ना?” तसंच. त्यानंतर ‘नाटकं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

आता त्या नानकटाईकडे येते. १९४४ च्या नोव्हेंबरात, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युद्धात हत्यार उचलायला सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वतःहून त्यात आले. युरोपातल्या उपासमारीनं खंगलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे समजून घ्यायचं होतं. सहा महिने त्यांना निम्म्या पोटी ठेवलं. यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कुणाच्या आईने त्यांना जाडू म्हटलं नव्हतं. तरी काही महिन्यांत ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटातला घास तासभर पुरवायला लागले, चिडके झाले, उदास झाले, उन्हाळ्यात कुडकुडायला लागले. काही जण तर पुढे स्वयंपाकी झाले.

हे मी मुक्ताच्या आईला सांगितलं तेव्हा तिने मला मध्येच थांबवलं. “म्हणजे केकचे व्हिडिओ ही उपासमार आहे?” हो. जे वागणं आपण मुलीचा हट्टी स्वभाव समजतो, त्यातलं बरंचसं भुकेलेला मेंदू करवून घेत असतो. माझ्या पहिल्या दोन भेटी वाया गेल्या त्या याचमुळे. रिकाम्या पोटी समुपदेशन मुरत नाही.

मग मुळात सुरू कशामुळे होतं? एका कारणाकडे बोट दाखवता येत नाही. मुक्ताच्या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया, वजन घटत गेलं तरी खाणं टाळत राहण्याचा आजार. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत त्याचा निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक निघतो. २०१९ साली सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाच्या आजारांशी निघाला तसाच शरीराच्या चयापचयाशीही निघाला. त्यावर काटेकोर, चिंताळू स्वभाव, वयात येणं, आणि वजन घटवणारं कुठलंही निमित्त. मुक्ताला ते निमित्त नवरात्रात मिळालं, दुसऱ्या कुणाला टायफॉइडमध्ये मिळतं. आजूबाजूच्या हवेचा वाटा नाही असं मी म्हणणार नाही. आत्याच्या कौतुकाने जे केलं ते मुक्ताने मला नंतर सांगितलंच. पण हजार घरांत मुलींना जाडू म्हणतात आणि त्या हसून दुसरी पोळी घेतात.

“पण तिला बारीक व्हायचंय असं ती कधी म्हणालीच नाही,” आई म्हणाली. तेही खरं. हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञाने १९९३ साली ॲनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या ४१ जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, एवढीच तक्रार. आपल्याकडे अशी मुलगी आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाते, आणि पुस्तकातली ‘जाड होण्याची भीती’ ही ओळ जुळत नाही म्हणून महिने जातात.

आईवडिलांना दोष देण्याची रीत या आजाराइतकीच जुनी आहे. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७४ साली छापलेल्या ज्या लेखात आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हटलं, त्यातच लिहून ठेवलं की शुश्रूषेला नातेवाईक म्हणजे सहसा सर्वांत वाईट माणसं. शंभर वर्षं हेच चाललं. मग लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात गाडी उलटी फिरली. १९८७ साली तिथल्या गटाने दाखवलं की आजार लहान वयात सुरू झाला असेल आणि तीन वर्षांच्या आत असेल, तर घरच्यांना बरोबर घेऊन केलेले उपचार एकट्या मुलीशी बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्यात काय, कधी, किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात, मग हळूहळू सूत्रं मुलीकडे परत. पुढे अमेरिकेत १२१ मुलामुलींवर झालेल्या, २०१० साली आलेल्या तुलनेत उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीने ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याशी बोलून २३ टक्के. म्हणजे निम्म्यांना तरीही आणखी काही लागलं. हेही मी आईबाबांपासून लपवत नाही.

तर मुक्ताच्या आईला मी म्हणाले, “आजार तुमच्यामुळे झालेला नाही. पण तुमच्याशिवाय जाणारही नाही.” ती रडली. मग विचारलं, “जेवायला काय करून आणू?”

रुग्णालयातून सुटल्यावर सगळे माझ्या खोलीत जेवायला बसले. दोन पोळ्या, मटकीची उसळ, वरणभात, त्यावर तूप. मुक्ताने पोळीचे नखाएवढे तुकडे केले आणि ताटाच्या कडेने रांगोळीसारखे मांडले. वीस मिनिटं तेच. आई माझ्याकडे बघत राहिली. “माझ्याकडे नको, तिच्याकडे बघा. सांगा, अजून एक घास.” आईने सांगितलं. मुक्ता किंचाळली, “तू माझी आई नाहीसच!” पोरीचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नसावा. आजीच्या डोळ्यांना पाणी, “राहू दे गं, नको तर नको.” तेव्हा दादा उठले, खुर्ची ओढून मुक्ताच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि अगदी हळू म्हणाले, “मुक्ते, आम्ही कुठं जात नाही. घे.” तूपभाताचा तो घास तोंडापर्यंत जायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

नंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. आईने दोन महिने बिनपगारी रजा घेतली. वडील दुपारच्या जेवणाला बागेतून घरी यायला लागले, ऐन कामाच्या दिवसांतसुद्धा. आजीला शिकवावं लागलं की ‘तब्येत सुधारली’ हे शब्द मुक्ताच्या कानात ‘जाड झालीस’ असे पडतात. त्याऐवजी काय म्हणायचं, तर काहीच नाही, गप्पा मारायच्या. मधे आत्या पुन्हा येणार होती, दादांनी फोन करून ताटावर काही बोलायचं नाही अशी ताकीद दिली. ती रुसली. रुसू दे, म्हणाले. दहावीच्या पूर्वपरीक्षेत वजन पुन्हा घसरलं, तीन आठवडे पहिल्यापासून सगळं करावं लागलं. पोट भरायला लागल्यावर मात्र आमचं बोलणं खरं बोलणं झालं. परीक्षेची धास्ती, वर्गातला क्रमांक घसरण्याची लाज, नवरात्रातल्या त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा वाटलेलं “मला काहीतरी जमतंय”. हे ऐकायला मला पाच महिने थांबावं लागलं.

गेल्या महिन्यात दोघी आल्या होत्या, चौदा महिन्यांनंतरची भेट. पाळी सुरू होऊन अर्धं वर्ष झालंय. मुक्ताच्या हातात डबा नव्हता. मी सहज विचारलं, नवीन काय केलंस? “काही नाही, कंटाळा येतो.” आई तक्रारीच्या सुरात म्हणाली, “हल्ली स्वयंपाकघरात फिरकत नाही हो. आयता चहा हवा, वर बिस्किटं हवीत, आणि कप तिथंच टाकून जाते.” म्हणाली आणि हसायला लागली.