रॉकीचाही आवाज, नताशाचाही आवाज : जून फोरे यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कार्टून मालिकांना आवाज देणाऱ्या कलावंतांविषयी जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात अमेरिकी अभिनेत्री जून फोरे यांचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत होता. त्या दोन ओळींविषयी बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

जून फोरे यांचे नाव मी प्रथमच वाचले. त्यांची कारकीर्द कशी घडली, हे सविस्तर सांगाल का? – एक वाचक, सातारा

जून फोरे यांचा जन्म १८ सप्टेंबर १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. लहानपणी त्यांना नृत्यांगना व्हायचे होते, परंतु न्यूमोनियाच्या आजारामुळे नृत्याचे शिक्षण थांबले आणि त्या वक्तृत्वाच्या वर्गाकडे वळल्या. त्यांच्या शिक्षिकेचा स्थानिक रेडिओवर कार्यक्रम होता. त्यातच वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी प्रथम नभोनाट्यात भूमिका केली. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला स्थलांतरित झाले आणि रेडिओच्या भरभराटीच्या त्या काळात फोरे यांना तेथे भरपूर काम मिळाले. म्हातारी, लहान मूल, नायिका, परदेशी पाहुणी असे जे पात्र समोर येईल ते त्या केवळ आवाजाच्या बळावर उभे करू लागल्या.

डिस्नेच्या १९५०च्या ‘सिंड्रेला’मधील ल्युसिफर या दुष्ट मांजराचे गुरगुरणे त्यांचेच आहे. १९५२ साली त्यांनी डिस्नेच्याच एका लघुपटात हेझल नावाच्या चेटकिणीचे काम केले आणि ते ऐकून दिग्दर्शक चक जोन्स यांनी त्यांना वॉर्नर ब्रदर्सकडे बोलावले. तेथेही त्यांच्या वाट्याला त्याच नावाची चेटकीण आली. १९५५पासून वॉर्नरच्याच ‘ट्वीटी’ हा पक्षी आणि ‘सिल्व्हेस्टर’ हा बोका यांच्या लघुपटांमधील आजीही त्यांची झाली आणि पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर, २०११ साली सुरू झालेल्या ‘द लूनी ट्यून्स शो’मध्येही ती त्यांचीच राहिली.

परंतु त्यांना दूरचित्रवाणीच्या इतिहासात जागा मिळाली ती १९ नोव्हेंबर १९५९ रोजी सुरू झालेल्या ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ या मालिकेमुळे. जे वॉर्ड या निर्मात्याच्या या मालिकेत रॉकी नावाची उडणारी खार आणि बुलविंकल नावाचा मूस, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मोठ्या शिंगांचे हरीण, ही जोडी होती. रॉकीचा आवाज फोरे यांचा आणि बुलविंकलचा आवाज मालिकेचे एक लेखक बिल स्कॉट यांचा. ही मालिका नाव बदलून १९६४पर्यंत चालली. २००० साली त्याच पात्रांवर चित्रपट निघाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या फोरे यांनीच पुन्हा रॉकीचा आवाज दिला. पुढे २०१२ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ‘द गारफील्ड शो’मधील एका भूमिकेसाठी त्यांना दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. २६ जुलै २०१७ रोजी, शंभरी पूर्ण होण्यास दोन महिन्यांहून कमी काळ राहिला असताना, त्यांचे निधन झाले.

एकाच मालिकेत एकाच अभिनेत्रीने अनेक पात्रांना आवाज देणे कसे शक्य होते? यंत्राने आवाज बदलत असतील ना? – एक वाचक, नागपूर

या प्रश्नाचे उत्तर विस्ताराने द्यावेसे वाटते, कारण या कलेचे मर्म येथेच आहे. रॉकीच्या मालिकेत नताशा फेटाल नावाची हेरही होती. पॉट्सिल्व्हेनिया या काल्पनिक देशातून आलेली, घोगऱ्या आवाजाची, पूर्व युरोपीय ढंगात लांबवून बोलणारी. निरागस, उत्साही आणि जरा अडखळत बोलणारा रॉकी आणि ही मादक, सावध नताशा दोघेही फोरे यांच्याच कंठातून बोलत. दोघांचा प्रसंग एकत्र असला की त्या एका ओळीवर रॉकी आणि पुढच्या ओळीवर नताशा होत. त्याच कार्यक्रमाच्या आणखी एका भागात नेल नावाची हळवी नायिका होती, तीही त्यांचीच.

यंत्राने आवाज बारीक किंवा जाड करता येतो, हे खरे आहे. परंतु तेवढ्याने पात्र वेगळे होत नाही. श्रोत्याला दोन माणसे वेगळी वाटतात ती त्यांच्या बोलण्याच्या गतीमुळे, श्वास घेण्याच्या जागांमुळे, शब्दावर आघात कोठे येतो त्यामुळे आणि मुख्यतः त्या माणसाला त्या क्षणी काय हवे आहे, हे कलावंताला ठाऊक असल्यामुळे. रॉकी नेहमी मदतीला धावण्याच्या घाईत असतो, म्हणून त्याची वाक्ये वर चढतात. नताशाला काही तरी लपवायचे असते, म्हणून ती शब्द तोलून, खालच्या पट्टीत बोलते. पट्टी ही शेवटची गोष्ट आहे, आधी स्वभाव येतो. रेडिओवर चेहरा, वेशभूषा आणि नेपथ्य यांपैकी काहीच हाताशी नसताना फोरे यांनी जी वर्षे काढली, त्यांचे फळ म्हणजे ही सहजता होय.

एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. मॅटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ‘चॅटी कॅथी’ या बोलक्या बाहुलीचा लाघवी आवाज फोरे यांचा होता. १९६३ साली ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या एका भागात ‘टॉकी टीना’ नावाची बाहुली आली, जी घरातल्या माणसाला शांतपणे जिवे मारण्याची धमकी देते. तोही आवाज त्यांचाच. आवाजाची जात दोन्हीकडे जवळजवळ तीच, गोड आणि लहान मुलीची. तरीही पहिली बाहुली मुलींनी कुशीत घेतली आणि दुसरीने प्रौढांना घाबरवले. केवळ आवाज बदलणे म्हणजे ही कला, असे मानणाऱ्यांनी हे दोन नमुने लागोपाठ ऐकावेत.

मग जुन्या कार्टूनांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव का दिसत नाही? – एक वाचक, डोंबिवली

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि त्यामागील कारण कळल्यावर वाईट वाटते. वॉर्नर ब्रदर्सच्या लघुपटांमध्ये बग्ज बनी, डॅफी डक अशा पात्रांचे आवाज देणारे मेल ब्लँक हे प्रमुख कलावंत होते. त्यांना १९४०च्या दशकात पगारवाढ नाकारली गेली, त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे ठरले आणि पुढील बराच काळ आवाजाचे श्रेय म्हणून केवळ त्यांचेच नाव झळकत राहिले. ब्लँक यांच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. परंतु त्याच लघुपटातील आजी, चेटकीण आणि इतर सर्व स्त्रिया कोणी केल्या, हे प्रेक्षकाला कधी समजलेच नाही. १९६६ सालच्या ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ या दूरचित्रवाणी चित्रपटातील सिंडी लू ही चिमुरडी फोरे यांनी केली, तिचेही श्रेय पडद्यावर नव्हते. चक जोन्स यांचे एक वचन या संदर्भात नेहमी सांगितले जाते. लोक फोरे यांना ‘स्त्री मेल ब्लँक’ म्हणत, तेव्हा जोन्स यांचे म्हणणे असे की मेल ब्लँक हेच ‘पुरुष जून फोरे’ आहेत.

फोरे यांनी याला जे उत्तर दिले, त्याविषयी मला त्यांच्या अभिनयाइतकाच आदर आहे. ॲनिमेशन क्षेत्रातील लोकांच्या ‘असिफा हॉलिवूड’ या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. चित्रपटांना ऑस्कर, दूरचित्रवाणीला एमी, मग ॲनिमेशनसाठी झटणाऱ्यांना काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि १९७२पासून ‘ॲनी’ पुरस्कार सुरू झाले. हे नाव त्यांचे पती होबार्ट डोनावन यांनी सुचवले होते. आरंभी सन्मान झाला तो मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या जुन्या पिढीतील बंधूंचा. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाला ऑस्करमध्ये स्वतंत्र पुरस्कार असावा, यासाठीही फोरे यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. तो पुरस्कार २००२ साली प्रथम दिला गेला आणि ‘श्रेक’ला मिळाला. स्वतःचे नाव पडद्यावर न आलेली बाई चित्रकार, दिग्दर्शक आणि संगीतकार यांची नावे लोकांपुढे यावीत म्हणून झगडत राहिली, हे विसरता कामा नये.

बार्ट सिम्पसनपासून डोरेमॉनपर्यंत मुलग्यांचे आवाज स्त्रियाच का देतात? – एक वाचक, कोल्हापूर

मुख्य कारण शारीरिक आहे. मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो, तर पात्र मात्र वर्षानुवर्षे दहाच वर्षांचे राहते. प्रौढ स्त्रीचा आवाज स्थिर असतो, शिवाय ती तासन् तास काम करू शकते आणि दिग्दर्शकाची सूचना तत्काळ अमलात आणू शकते. लहान मुलाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी मालिकेतील बार्टचा आवाज नॅन्सी कार्टराइट या १९८७पासून देत आहेत. विशेष म्हणजे त्या बहिणीच्या, म्हणजे लिसाच्या भूमिकेच्या चाचणीसाठी गेल्या होत्या आणि तेथे बार्टचे वर्णन वाचून त्यांनी तीच भूमिका मागून घेतली. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९ ते २००५ या काळात डोरेमॉनचा आवाज दिला. मासाको नोझावा यांनी १९८६पासून ‘ड्रॅगन बॉल’च्या गोकूचा आवाज दिला आणि गोकू मोठा पुरुष झाल्यावरही तोच आवाज कायम ठेवला.

आपल्याकडेही हीच रीत आहे. मुंबईतील मराठी कलावंत मेघना एरंडे यांचा हिंदीतील ‘नॉडी’ आणि ‘निंजा हातोडी’ आपल्या मुलांच्या कानांत बसलेला आहे, तर हिंदी डोरेमॉनला सोनल कौशल यांनी आवाज दिला आहे.

आम्ही लहानपणी रविवारी दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ बघत असू. तेव्हा आम्ही फोरे यांचाच आवाज ऐकला का? – एक वाचक, न्यू जर्सी

नाही. मूळ इंग्रजी मालिकेत मॅजिका ही जादूगारीण आणि बीगल बंधूंची आई या दोन्ही फोरे यांच्या भूमिका होत्या, परंतु दूरदर्शनवर आपण ऐकला तो हिंदी डबिंगमधील आवाज. दोन्ही कामांत मोठा फरक आहे. अमेरिकेत सहसा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि त्यातील चढउतार ऐकून चित्रकार ओठ, भुवया आणि हातवारे काढतात. जे वॉर्ड यांच्या मालिकेत तर कलावंत एकत्र उभे राहून हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रण करीत आणि चित्रे मेक्सिको सिटीत तयार होत. चित्रांसाठी पैसा कमी होता, त्यात चुकाही राहत, म्हणून मालिकेचा सगळा भार संवाद आणि आवाज यांच्यावर होता. डबिंगमध्ये याच्या उलट होते. ओठ आधीच हललेले असतात आणि तेवढ्याच वेळात आपले वाक्य बसवून, शिवाय त्यात भाव आणून, ते बोलायचे असते. माझ्या मते डबिंग करणाऱ्यांच्या या कष्टांची आपल्याकडे पुरेशी कदर होत नाही.

फोरे यांना कधी अपयश आले नाही का? – एक वाचक, पुणे

आले. ‘द फ्लिंटस्टोन्स’च्या प्राथमिक नमुन्यात शेजारीण बेटीचा आवाज त्यांचा होता, पण प्रत्यक्ष मालिकेत ती भूमिका बी बेनाडेरेट यांना मिळाली. फोरे यांना त्याचे मनापासून वाईट वाटले होते. योगायोग असा की वॉर्नरच्या आजीचे काम फोरे यांच्याआधी याच बेनाडेरेट करीत असत.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिला कार्टूनचे आवाज द्यायचे आहेत. तिने काय करावे? – एक पालक, रत्नागिरी

तिला प्रथम अभिनय शिकू द्यावा. चित्रविचित्र आवाज काढण्याची हौस अनेकांना असते. पण एखादे पात्र पाच मिनिटे सलग बोलले आणि मध्येच रडले, हसले किंवा धापा टाकू लागले तरी तेच पात्र राहिले पाहिजे, आणि ते नाटकाच्या तालमीतच साधते. शाळा-महाविद्यालयांच्या एकांकिका, बालनाट्ये आणि आकाशवाणीची नभोनाट्ये यांपैकी जे मिळेल ते तिने करावे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करावे आणि त्यात मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषा असाव्यात, कारण मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हिंदीतील काम अधिक असते. वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, म्हणजे श्वास कोठे तुटतो आणि शब्दांची शेवटची अक्षरे कोठे गिळली जातात ते तिचे तिलाच कळेल. घसा ताणून काढलेला आवाज टिकत नाही. दुखू लागल्यास तत्काळ थांबावे, आणि आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे.

तयारी झाल्यावर दोन-तीन मिनिटांचा नमुना ध्वनिमुद्रित करावा. त्यात दहा आवाज कोंबण्याऐवजी तीनच पात्रे ठेवावीत, पण त्यांच्यात परस्परांशी बोलणे असावे. कामासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे, आणि पहिले काम मिळाले की मोबदला किती, तो कधी मिळणार आणि श्रेयनामावलीत तिचे नाव येणार की नाही, हे तिन्ही मुद्दे लेखी घ्यावेत.